पार्किन्सन्स रोगाची प्रारंभिक लक्षणे

पार्किन्सन्स हा मेंदूतील विशिष्ट चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास होत जाणारा दीर्घकालीन आजार आहे. तो प्रामुख्याने साठीच्या आसपास व त्यानंतर आढळतो. मराठीत त्याला कंपवात असेही म्हणतात. हालचालींतील मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा, विश्रांतीच्या स्थितीत हातापायांना सुटणारा कंप आणि कालांतराने तोल सांभाळण्यात येणारी अडचण ही त्याची प्रमुख लक्षणे होत. ती स्पष्टपणे दिसू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे आणि उदासीनता यांसारख्या खुणा दिसू शकतात. या खुणा व अगदी सुरुवातीच्या काळातील हालचालींचे बदल यांना एकत्रितपणे पार्किन्सन्सची प्रारंभिक लक्षणे म्हटले जाते.

यांपैकी बरीच लक्षणे वार्धक्याच्या सर्वसामान्य तक्रारींसारखी भासत असल्याने ज्येष्ठांमध्ये हा आजार उशिरा लक्षात येतो. आजार पूर्णपणे बरा करणारा उपाय आजमितीस उपलब्ध नाही. तथापि औषधे, व्यायाम व योग्य मार्गदर्शन यांच्या साहाय्याने रुग्ण अनेक वर्षे स्वावलंबी राहू शकतो. निदान वेळेवर झाल्यास चुकीचे उपचार, अनावश्यक शस्त्रक्रिया व पडण्याचे अपघात टाळता येतात.

## नाव आणि इतिहास

लंडनमधील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सहा रुग्णांचे वर्णन केले होते. त्यांतील काहींना त्यांनी केवळ रस्त्यातून जाता-येताना पाहिले होते. चालण्याची ढब, पुढे झुकलेले शरीर व हाताचा कंप एवढ्यावरून त्यांनी या व्यक्तींमधील साम्य ओळखले. हा आजार ओळखण्यात बारकाईने केलेल्या निरीक्षणाचे असलेले महत्त्व आजही कमी झालेले नाही.

पार्किन्सन यांनी वापरलेल्या नावाचा अर्थ ‘कंप असलेला पक्षाघात’ असा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ जाँ-मार्तँ शार्को यांनी या नावाला आक्षेप घेतला. सर्वच रुग्णांना कंप नसतो आणि रुग्णाच्या अंगातील शक्तीही पक्षाघातासारखी गेलेली नसते, असे त्यांनी दाखवून दिले. स्नायूंच्या ताठरपणाकडेही त्यांनी लक्ष वेधले आणि आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले.

आयुर्वेदीय परंपरेत कंपवात या नावाने अशा स्वरूपाच्या विकाराचे वर्णन आढळते. त्यावर वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांमध्ये खाजकुइलीच्या बियांचा म्हणजेच कवचबीजांचा समावेश होतो. या बियांमधून १९३७ मध्ये दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी लेव्होडोपा हे रसायन वेगळे केले. पुढे १९६० च्या दशकात हेच रसायन पार्किन्सन्सवरील प्रमुख औषध ठरले.

मराठीत रूढ असलेल्या कंपवात या शब्दामुळे शार्को यांनी दाखवलेली अडचण आजही जाणवते. नावातच कंप असल्याने ‘हात थरथरत नाही, म्हणजे कंपवात नाही’ असा समज होतो. प्रत्यक्षात सुमारे तीस टक्के रुग्णांमध्ये सुरुवातीला कंप नसतो. अशा रुग्णांचे निदान विशेषतः लांबते.

## रोगप्रक्रिया

मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा गडद रंगाचा भाग असतो. तेथील चेतापेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग व आवाका राखणे आणि चालताना हात हलवणे, पापण्या मिटणे, चेहऱ्यावर भाव उमटणे अशा आपोआप होणाऱ्या क्रिया सुरळीत चालवणे यांसाठी डोपामिन आवश्यक असते. पार्किन्सन्समध्ये या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाचे साठे आढळतात. त्यांचा शोध घेणारे शास्त्रज्ञ फ्रेडरिक ल्युई यांच्या नावावरून त्यांना ल्युई पिंड म्हणतात.

हालचालींवरील परिणाम दिसू लागेपर्यंत या पेशींचा मोठा भाग निकामी झालेला असतो. मेंदू दीर्घकाळ ही उणीव भरून काढत राहतो, त्यामुळे आजाराचा पहिला टप्पा बाहेरून दिसत नाही.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइको ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या प्रक्रियेची टप्प्याटप्प्याने मांडणी केली. तिच्यानुसार हे प्रथिन प्रथम वासाशी संबंधित भागात व मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात साठते आणि नंतर मध्यमेंदूकडे पसरते. आतड्यांच्या चेताजालातही ते लवकर आढळते. सर्व रुग्णांमध्ये हाच क्रम असतो असे नाही. तरीही घ्राणेंद्रिय, आतडी व झोप यांच्या तक्रारी हात थरथरण्याच्या आधी का येतात, याचे स्पष्टीकरण या मांडणीतून मिळते.

## प्रसार

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून अधिक व्यक्तींना पार्किन्सन्स होता आणि मागील २५ वर्षांत हे प्रमाण दुप्पट झाले होते. वय हा यातील सर्वांत मोठा जोखीमघटक आहे. स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये आजार काहीसा अधिक आढळतो. काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो, परंतु बहुतेक रुग्णांच्या घरात पूर्वी कोणालाही हा आजार झालेला नसतो. काही कीटकनाशकांशी दीर्घकाळ आलेला संपर्क आणि डोक्याला झालेल्या गंभीर दुखापती यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे.

भारतातील सर्वाधिक उल्लेखल्या जाणाऱ्या पाहण्यांपैकी एक मुंबईत झाली. पारशी वसाहतींमध्ये राहणाऱ्या १४,०१० व्यक्तींच्या या पाहणीत ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरु परिसरातील पाहणीत हे प्रमाण लाखामागे सुमारे ३३ होते. या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण पुष्कळ अधिक असल्याने एकूण आकडाही मोठा येतो. लोकसंख्या जसजशी वयस्कर होते तसतसे रुग्णांचे प्रमाण वाढते, हे मात्र त्यातून स्पष्ट होते. २०११ च्या जनगणनेनुसार ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण भारतात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते.

नवी मुंबईच्या संदर्भात ही बाब महत्त्वाची आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत वाशी, नेरुळ, बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली या भागांत नोकरीच्या व व्यवसायाच्या निमित्ताने तरुण कुटुंबे येऊन राहिली. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगार, बाजार समितीतील व्यापारी व माथाडी, शासकीय आणि बँक कर्मचारी यांचा त्यांत समावेश होता. ती पिढी आता ज्येष्ठ नागरिकांमध्ये मोडते. एकेकाळी तरुणांचे समजले जाणारे हे नियोजित शहर वार्धक्यातील आजारांना सामोरे जात आहे.

## हालचालींव्यतिरिक्त पूर्वलक्षणे

पुढील लक्षणे हालचालींतील बदलांच्या आधी काही वर्षे, तर काहींमध्ये दशकभर आधीही दिसू शकतात. यांपैकी कोणतेही एक लक्षण असणे म्हणजे पार्किन्सन्स असणे नव्हे. दोन किंवा अधिक लक्षणे एकत्र आल्यास त्यांचे महत्त्व वाढते.

वास कमी येणे. बहुसंख्य रुग्णांची घ्राणशक्ती कमी झालेली असते. हा बदल हळूहळू होत असल्याने तो स्वतःच्या लक्षात येतोच असे नाही. फोडणीतील हिंग, उदबत्ती, मोगरा, करपलेले दूध यांचा वास घरातील इतरांना येतो, पण त्या व्यक्तीला येत नाही. जेवण बेचव लागते म्हणून मीठ वा तिखट वाढवून मागितले जाते. सर्दी, नाकातील विकार, धूम्रपान व कोविड यांमुळेही वास जात असल्याने त्यांचा आधी विचार करावा लागतो. वास न येणाऱ्या व्यक्तीला गॅसगळती कळत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरात विशेष दक्षता आवश्यक असते.

बद्धकोष्ठता. आतड्यांची हालचाल मंदावल्याने ही तक्रार उद्भवते. हवाई बेटांवरील होनोलुलु येथे पुरुषांच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्यांना दररोज शौचास होत नव्हते त्यांच्यात पुढे पार्किन्सन्स होण्याची शक्यता रोज शौचास होणाऱ्यांच्या तुलनेत २.७ पट आढळली. बद्धकोष्ठता वार्धक्यात अतिशय सामान्य असल्याने एकट्या या लक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही.

झोपेतील वर्तन. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू एरवी शिथिल असतात. ही शिथिलता नाहीशी झाली की व्यक्ती स्वप्नातील कृती प्रत्यक्षात करू लागते, म्हणजे ओरडते, लाथा झाडते, बुक्के मारते किंवा पलंगावरून खाली पडते. याची माहिती बहुधा शेजारी झोपणाऱ्या जोडीदाराकडूनच मिळते. पूर्वलक्षणांमध्ये याचे भाकितमूल्य सर्वाधिक मानले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील २४ केंद्रांच्या अभ्यासात हा निद्राविकार असलेल्या १,२८० व्यक्तींचा मागोवा घेण्यात आला. त्यांपैकी १२ वर्षांत सुमारे ७३.५ टक्के व्यक्तींना पार्किन्सन्स किंवा त्याच्याशी संबंधित चेताऱ्हासाचा आजार होण्याचा धोका दिसून आला. मराठी घरांत अशा प्रसंगांना ‘वाईट स्वप्न पडले’ किंवा ‘बाहेरची बाधा’ असे म्हणून सोडून दिले जाते. ते वारंवार घडत असल्यास वैद्यकीय सल्ला घेणे योग्य ठरते.

उदासीनता आणि चिंता. पूर्वी आयुष्यात कधीही नैराश्य नसलेल्या व्यक्तीला उतारवयात प्रथमच नैराश्य किंवा अस्वस्थता येणे हे काही वेळा या आजाराचे आरंभीचे लक्षण असते. भजनी मंडळ, सकाळचा फेरफटका, वाचनालय यांतील रस कमी होतो. निवृत्ती, जोडीदाराचे निधन किंवा मुलांचे परदेशी जाणे हीच त्याची कारणे मानली जातात आणि तपासणी होत नाही.

इतर लक्षणे. एका खांद्याचे दुखणे, लवकर थकवा येणे, उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर येणे, वारंवार व घाईने लघवीला जावे लागणे आणि दिवसा अतिशय झोप येणे यांचाही यात समावेश होतो.

## हालचालींतील प्रारंभिक बदल

पार्किन्सन्सची सुरुवात जवळपास नेहमीच शरीराच्या एका बाजूने होते. आजार वाढल्यावर दुसरी बाजूही ग्रस्त होते, परंतु पहिल्या बाजूचा त्रास अधिक राहतो. हा एकतर्फीपणा आजार ओळखण्यास उपयुक्त ठरतो, कारण वयामुळे येणारा मंदपणा दोन्ही बाजूंना सारखाच असतो.

मंदपणा. निदानासाठी हे लक्षण अनिवार्य आहे. हालचाल केवळ सावकाश होत नाही, तर पुन्हापुन्हा करताना तिचा आवाका कमी होत जातो. अंगठा व तर्जनी एकमेकांवर वेगाने टेकवण्यास सांगितल्यास पहिल्या काही खेपांनंतर बोटांमधील अंतर घटते आणि मध्येच हालचाल अडखळते.

कंप. हात मांडीवर सैल ठेवलेला असताना, टीव्ही पाहताना किंवा चालताना बोटे थरथरतात. अंगठा व बोटे एकमेकांवर फिरत असल्याने वैद्य औषधाची गोळी वळत असावा तसे ते दिसते. कंपाचा वेग सेकंदाला साधारण चार ते सहा आवर्तने असतो. हात वस्तू घेण्यासाठी उचलला की तो बहुधा थांबतो आणि मानसिक ताण आला किंवा मनातल्या मनात हिशेब केला की वाढतो.

ताठरपणा. डॉक्टर रुग्णाचे मनगट किंवा कोपर हलवतात तेव्हा त्यांना सतत अवरोध जाणवतो. रुग्ण मात्र ‘खांदा आखडला आहे’, ‘पाठ धरली आहे’ अशी तक्रार करतो. त्यामुळे अनेक जण प्रथम अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातात आणि गोठलेला खांदा, मानेचा स्पाँडिलोसिस अशा निदानांवर महिनोन्महिने उपचार घेतात.

चालण्यातील बदल. चालताना एक हात पुरेसा हलत नाही, पाऊल आखूड पडते, पाय घासला जातो आणि वळताना अनेक छोटी पावले टाकावी लागतात. सोबतच्या व्यक्तींपेक्षा मागे पडणे हा कुटुंबीयांना जाणवणारा पहिला बदल असू शकतो.

हस्ताक्षर. अक्षर लहान व दाटीवाटीचे होत जाते. देवनागरी लिहिताना ओळीच्या आरंभी नीट असलेली अक्षरे शेवटाकडे आकसतात. सहीतही बदल होतो. निवृत्तिवेतनधारकाची सही बँकेतील नमुन्याशी जुळेनाशी होते तेव्हा ही बाब समोर येऊ शकते.

चेहरा आणि आवाज. पापण्या कमी वेळा मिटतात, चेहरा भावहीन वाटतो. परिणामी ‘आजोबा हल्ली रागावलेले असतात’ असा गैरसमज होतो. आवाज हळू व एकसुरी होतो. फोनवर पलीकडच्या व्यक्तीला ऐकू येत नाही, परंतु रुग्णाला स्वतःचा आवाज पुरेसा मोठा वाटत असतो.

तोल जाणे व वारंवार पडणे ही सामान्यतः पुढील टप्प्यातील लक्षणे आहेत. ती पहिल्या काही वर्षांतच ठळक असतील तर अन्य आजाराचा शोध घ्यावा लागतो.

## दैनंदिन व्यवहारात दिसणाऱ्या खुणा

सुरुवातीचे बदल दवाखान्यापेक्षा घरात अधिक स्पष्ट दिसतात. कुटुंबीय, शेजारी व फिरायला सोबत जाणारे मित्र यांच्या नजरेस येऊ शकणाऱ्या काही खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

* सदऱ्याची बटणे लावण्यास, साडीच्या निऱ्या घालण्यास किंवा परकराची नाडी बांधण्यास पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागणे.
* पोळीचा घास तोडणे, भात कालवणे, कणीक मळणे, भाजी चिरणे या क्रियांत एक हात मागे पडणे.
* एकाच पायातील चप्पल नकळत निसटणे, किंवा एकाच चपलेचा तळ घासून झिजणे.
* दात घासताना, अंडे फेटताना किंवा टाळ वाजवताना हाताची लय मंदावणे.
* जमिनीवर मांडी घालून बसल्यावर अथवा खोल सोफ्यावरून उठताना दोन-तीन वेळा प्रयत्न करावा लागणे.
* रात्री अंथरुणात कूस बदलणे कठीण जाणे.
* रांगोळीच्या रेषा आखूड होणे, जपमाळेचे मणी ओढताना बोटे अडकणे.
* लोकल गाडीत चढताना किंवा जिना उतरताना पूर्वी नसलेली चाचपड जाणवणे.

ज्येष्ठ स्त्रियांच्या बाबतीत घरकामातील मंदपणाकडे विशेष दुर्लक्ष होते. स्वयंपाक उशिरा होऊ लागला तर तो कामाचा कंटाळा किंवा वयोमान समजला जातो. पुरुषांचे हस्ताक्षर, सही वा वाहन चालवणे यांतील बदल त्या मानाने लवकर नजरेस येतात.

## समान दिसणाऱ्या अवस्था

| वैशिष्ट्य | वार्धक्य | पार्किन्सन्स | आनुवंशिक कृतिकंप |
|---|---|---|---|
| बाजू | दोन्ही सारख्या | आरंभी एक | बहुधा दोन्ही |
| कंप | सहसा नाही | विश्रांतीत | वस्तू धरताना, पेला उचलताना |
| हस्ताक्षर | फारसा फरक नाही | लहान होते | मोठे व थरथरते |
| डोके व आवाजाचा कंप | नाही | क्वचित | आढळतो |
| वास | थोडा कमी | बराच कमी | प्रायः शाबूत |
| चालताना हात | दोन्ही हलतात | एक कमी हलतो | दोन्ही हलतात |

औषधजन्य पार्किन्सनसदृश विकार. काही औषधे मेंदूतील डोपामिनचे कार्य रोखतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणे निर्माण करतात. मनोविकारांवरील हॅलोपेरिडॉल, उलटीवरील मेटोक्लोप्रामाइड व प्रोक्लोरपेराझिन, पित्ताच्या गोळ्यांमध्ये मिसळले जाणारे लेव्होसल्पिराइड, तसेच चक्कर व अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनॅरिझिन आणि फ्लुनॅरिझिन ही त्यांची उदाहरणे होत. अशी औषधे थोड्या दिवसांसाठी लिहून दिली असली तरी जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने घेतली जाण्याची शक्यता असते. कारणीभूत औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्णांची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. त्यामुळे तपासणीस जाताना पित्ताच्या व चक्करेच्या गोळ्यांसह सर्व औषधे सोबत नेणे अत्यावश्यक आहे. कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना अचानक बंद करू नये.

इतर आजार. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार, मेंदूतील पोकळ्यांमध्ये द्रव साचणे, थायरॉइडचे विकार, तीव्र नैराश्य आणि पार्किन्सन्सशी साम्य असलेले अन्य चेताऱ्हासाचे आजार यांचाही विचार केला जातो. आरंभापासून वारंवार पडणे, लेव्होडोपाला प्रतिसाद नसणे, लक्षणे अतिवेगाने वाढणे, डोळे वर-खाली फिरवता न येणे, सुरुवातीलाच लघवीवरील ताबा जाणे किंवा रक्तदाब फार उतरणे हे अन्य निदानाकडे निर्देश करणारे इशारे आहेत. लक्षणे अचानक, काही मिनिटांत वा तासांत उद्भवली तर तो पक्षाघात असू शकतो आणि रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

## निदान

पार्किन्सन्सचे निदान मुख्यतः रुग्णाची हकिकत व शारीरिक तपासणी यांवर आधारलेले असते. नेहमीच्या वापरात अशी कोणतीही रक्तचाचणी नाही जिच्यावरून त्याचे निश्चित निदान व्हावे. आंतरराष्ट्रीय पार्किन्सन्स व हालचाल विकार संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार मंदपणा असणे आवश्यक असून त्यासोबत विश्रांतीतील कंप किंवा ताठरपणा यांपैकी किमान एक लक्षण असावे लागते. त्यानंतर निदानास पुष्टी देणाऱ्या व विरोधी जाणाऱ्या बाबींचा विचार केला जातो. लेव्होडोपामुळे स्पष्ट सुधारणा होणे ही पुष्टी देणारी महत्त्वाची बाब होय.

एमआरआय तपासणीचा उपयोग प्रामुख्याने इतर कारणे वगळण्यासाठी होतो. पार्किन्सन्स असूनही साधा एमआरआय सामान्य येऊ शकतो. म्हणून ‘स्कॅन चांगला आला, आजार नाही’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. निदान संदिग्ध असल्यास मेंदूतील डोपामिन यंत्रणेचे चित्रण करणाऱ्या विशेष तपासण्या केल्या जातात. पहिल्या भेटीत निदान निश्चित न होता काही महिन्यांच्या निरीक्षणानंतर ते स्पष्ट होणे, हेही नित्याचे आहे.

तपासणीपूर्वी कुटुंबीयांनी पुढील तयारी केल्यास डॉक्टरांना मदत होते: लक्षणे केव्हा व कोणत्या बाजूने सुरू झाली याची नोंद, चालतानाचे, जेवतानाचे व स्वस्थ बसल्याचे मोबाइलवरील चित्रीकरण, पाच-दहा वर्षांपूर्वीच्या हस्ताक्षराचा व सहीचा नमुना, चालू व अलीकडे बंद केलेल्या औषधांची यादी आणि झोपेविषयी जोडीदाराचे निरीक्षण.

## नवी मुंबईतील सुविधा

प्राथमिक तपासणीसाठी कौटुंबिक डॉक्टर किंवा नागरी आरोग्य केंद्र हा पहिला टप्पा असतो. तेथून न्यूरॉलॉजिस्ट म्हणजेच मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवले जाते. नवी मुंबई महानगरपालिकेची वाशी, नेरुळ व ऐरोली येथे सार्वजनिक रुग्णालये आहेत. नेरुळ येथे डी. वाय. पाटील व कामोठे येथे एमजीएम या वैद्यकीय महाविद्यालयांना संलग्न मोठी रुग्णालये आहेत. मुंबईतील केईएम, शीव येथील लोकमान्य टिळक, नायर व जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांचे मेंदूविकार विभाग हार्बर मार्गावरील रुग्णांना लोकल गाडीने गाठता येतात.

पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था २००१ मध्ये मुंबईत स्थापन झाली. ती रुग्ण व काळजीवाहकांसाठी आधारगट चालवते. या गटांत व्यायाम, वाचा व गिळण्याविषयीचे मार्गदर्शन आणि परस्परांशी संवाद यांवर भर असतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व कुटुंबीयांचा स्वमदत गट मराठीतून कार्य करतो. पुण्यातीलच नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग घेतले आहेत. ताल व संगीत यांच्या आधारे चालणे सुलभ होते, या निरीक्षणाचा त्यात उपयोग केला जातो.

ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रे ही लक्षणे लवकर ओळखण्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठिकाणे आहेत. तेथे तेच सदस्य रोज भेटत असल्याने चाल, आवाज व सहभाग यांतील बदल समवयस्कांच्या लक्षात येऊ शकतात. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी, तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही टेली-मानस मदतवाहिनी उपलब्ध आहे.

## निदानानंतर

लेव्होडोपा व कार्बिडोपा यांचे मिश्रण हे सर्वांत परिणामकारक औषध आहे. ते केव्हा सुरू करावे हे लक्षणांचा दैनंदिन जीवनावर किती परिणाम होतो यावर ठरते. औषध ठरलेल्या वेळी घेणे महत्त्वाचे असते. काही रुग्णांमध्ये प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतल्यास त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून ते जेवणाआधी काही वेळ घेण्यास सांगितले जाते. औषध अचानक थांबवणे धोकादायक ठरू शकते. खाजकुइलीच्या चूर्णातही लेव्होडोपा असल्याने ते गोळ्यांसोबत स्वतःच्या मनाने घेतल्यास मात्रा वाढून त्रास होऊ शकतो. अशा चूर्णाची माहिती डॉक्टरांना देणे आवश्यक असते.

नियमित व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो. भरभर चालणे, सायकल, ताणाचे व तोलाचे व्यायाम, योगासने व ताय ची यांमुळे हालचाल व तोल सुधारण्यास मदत होते. घरातील सैल पायपुसणी काढणे, स्नानगृहात आधाराचे दांडे बसवणे व टाचेला पट्टा असलेली पादत्राणे वापरणे यांमुळे पडण्याचा धोका घटतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. वैद्यकीय मूल्यांकनात किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास कायद्यातील विशिष्ट सवलती लागू होतात. प्रारंभिक अवस्थेतील बहुतेक रुग्ण या मर्यादेत येत नाहीत.

## गैरसमज

* ‘हात थरथरतो म्हणजे पार्किन्सन्सच.’ कृतिकंप हा पार्किन्सन्सपेक्षा अधिक प्रमाणात आढळणारा वेगळा विकार आहे. थायरॉइड, चिंता व काही औषधे यांमुळेही हात थरथरतो.
* ‘हा म्हातारपणाचाच आजार आहे.’ काही रुग्णांमध्ये तो पन्नाशीपूर्वीही सुरू होतो.
* ‘हा संसर्गजन्य आहे.’ एका व्यक्तीकडून दुसरीला तो होत नाही. रुग्णासोबत जेवण्यास किंवा राहण्यास कोणताही धोका नसतो.
* ‘बुद्धी लगेच जाते.’ सुरुवातीच्या काळात बहुतेकांची आकलनशक्ती चांगली असते. भावहीन चेहरा व हळू आवाज यांमुळे ती कमी झाल्याचा आभास होतो.
* ‘औषधे जितकी उशिरा सुरू करावीत तितके चांगले.’ औषधाचा प्रभाव राखून ठेवण्यासाठी त्रास सहन करत राहण्याने लाभ होत नाही. या काळात रुग्णाची हालचाल व व्यायाम मात्र कमी होतो.

दरवर्षी ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिन जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. त्यांचा जन्म १७५५ मध्ये झाला. लाल ट्यूलिपचे फूल हे या दिनाचे प्रतीक आहे.

## हेही पहा

* डोपामिन
* पक्षाघात
* अल्झायमर रोग
* वार्धक्यशास्त्र
* खाजकुइली